संगणकाच्या आज्ञावलीचा धनी कोण?

बोरिवलीच्या पश्चिमेस खाडीच्या कांठीं उभें राहिलें म्हणजे पलीकडे गोराई गांव दिसतें. लाँचेंत बसून थोड्याच मिनिटांत तेथें जातां येतें. त्या कांठावर ओढून ठेवलेली एखादी लाकडी होडी निरखून पाहावी. तिच्या फळ्या कोठें जोडल्या आहेत, फटी कशानें बुजविल्या आहेत, आडवे वांसे कोठें बसविले आहेत, हें सर्व उघड्या डोळ्यांना दिसतें. होडी बांधणारा सुतार आज हयात नसला, तरी दुसरा जाणता सुतार तिची फळी बदलूं शकतो, आणि त्यासाठीं त्याला पहिल्या सुताराच्या वारसांची परवानगी काढावी लागत नाहीं. आतां अशी कल्पना करावी कीं, होडीचें पोट लोखंडी पत्र्यानें कायमचें बंद केलेलें आहे. आंत काय आहे तें बांधणाऱ्या कारखान्यालाच ठाऊक आहे. विकत घेणाऱ्यानें पत्रा उचकटून पाहिला तर तो करारभंग ठरतो. आणि गळती लागली तर कारखान्याच्या उत्तराची वाट पाहत बसावें लागतें. अशी होडी घेऊन दर्यांत जाण्यास कोणता कोळी तयार होईल? तथापि गेलीं कित्येक वर्षें जगांतील असंख्य माणसें आपले हिशेब, आपलीं पत्रें, आपल्या शाळांचे दाखले, इतकेंच नव्हे तर आपली भाषाहि, अशाच बंद पोटाच्या होडींत घालून प्रवास करीत आलीं आहेत. ही होडी म्हणजे संगणकाची आज्ञावली. जिला सर्वजण सॉफ्टवेअर म्हणतात ती.

संगणक हें यंत्र अत्यंत आज्ञाधारक, परंतु स्वतःहून कांहींच न करणारें आहे. कोणत्या क्रमानें काय करावें हें त्याला कोणीतरी लिहून द्यावें लागतें. हें लेखन दोन रूपांत असतें. पहिलें रूप मनुष्य लिहितो आणि दुसऱ्या जाणत्या मनुष्यास तें वाचतां येतें. त्यांत शब्द असतात, चिन्हें असतात, जागोजागीं खुलाशाच्या टिपाहि असतात. यालाच सोर्स कोड, म्हणजे मूळ संहिता, असें नांव आहे. दुसरें रूप एक आणि शून्य यांच्या लांबच लांब माळेचें असून तें केवळ यंत्रासाठीं असतें. पहिल्यापासून दुसरें तयार करणें हें संगणकाचेंच काम आहे व तें झटपट होतें. उलट दुसऱ्यावरून पहिलें जसेंच्या तसें परत मिळविणें जवळजवळ अशक्य होय. मेतकुटाची पूड हातीं आली म्हणून तींतून हरभऱ्याची डाळ, गहूं, तांदूळ आणि मेथी पुन्हां निवडून काढतां येत नाहींत, तशांतलाच हा प्रकार. बाजारांत जी आज्ञावली विकली जाते ती बहुधा पुडीच्या रूपांत विकली जाते. ज्या आज्ञावलीबरोबर मूळ संहिताहि मिळते, आणि ती वाचण्याची, बदलण्याची व बदललेली प्रत दुसऱ्यास देण्याची लेखी परवानगीहि मिळते, तिला ओपन सोर्स, अर्थात् मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात.

हा भेद प्रारंभापासून नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं टिफ्रॅक नांवाचा संगणक पूर्ण झाला. तो तेथील मंडळींनीं स्वतः बांधला होता, आणि त्यावर काम करणारे लोक आपल्या आज्ञा बहुधा आपणच लिहीत. परदेशांतहि प्रचंड यंत्र विकत किंवा भाड्यानें घेतलें कीं आज्ञावली त्याच्याबरोबर येत असे. तिची निराळी किंमत नसे. १९६९ सालीं अमेरिकेंतील आय.बी.एम. कंपनीनें यंत्राची आणि आज्ञावलीची किंमत निराळी करण्याचें जाहीर केलें, आणि आज्ञावली हा स्वतंत्र विक्रीचा माल होण्यास मोठी चालना मिळाली. पुढें यंत्रें लहान होऊन हौशी लोकांच्या घरांत शिरूं लागलीं. तेव्हां १९७६ च्या फेब्रुवारींत बिल गेट्स या तरुणानें या हौशी मंडळींना उद्देशून एक अनावृत पत्र प्रसिद्ध केलें. त्याची तक्रार अशी कीं, आपण व आपल्या सहकाऱ्यांनीं महिनेच्या महिने खपून तयार केलेली आज्ञावली लोक परस्पर नकला करून वापरतात. असेंच चालूं राहिलें, तर चांगली आज्ञावली लिहिण्यास पुढें येणार कोण?

हा या वादांतील पहिला पक्ष. तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. बुद्धीचें काम करणाऱ्यालाहि पोट असतें. नाटककारानें नाटक लिहावें आणि प्रयोगाचे पैसे मात्र भलत्यानेंच खिशांत घालावे, हें कोणासहि न्याय्य वाटणार नाहीं. याच न्यायावर मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या, आणि सामान्य माणसाला सोपी वाटेल अशी आज्ञावली घरोघर पोंचली, हें श्रेय त्यांना दिलेंच पाहिजे.

दुसरा पक्ष एका अडकलेल्या कागदांतून निघाला असें म्हटलें तरी चालेल. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें रिचर्ड स्टॉलमन नांवाचा एक आज्ञावलीकार होता. १९८० च्या सुमारास त्याच्या प्रयोगशाळेला एक नवें छपाईयंत्र भेट मिळालें. त्यांत वरचेवर कागद अडके. जुन्या यंत्राच्या आज्ञावलींत त्यानें अशी सोय करून ठेवली होती कीं, यंत्र अडलें कीं वापरणारांस आपोआप सूचना जावी. नव्या यंत्राची मूळ संहिता मात्र मिळेना. ती ज्याच्याजवळ होती अशा दुसऱ्या विद्यापीठांतील एका संशोधकाकडे त्यानें मागणी केली. परंतु ती कोणास न दाखविण्याचें वचन आपण दिलें आहे, असें सांगून त्या गृहस्थानें नकार दिला. दुरुस्ती येत असून, यंत्र समोर असून, केवळ कागदोपत्रीं बंधनामुळें हात बांधले गेले, ही गोष्ट स्टॉलमनच्या मनाला लागून राहिली. सप्टेंबर १९८३ मध्यें त्यानें ग्नू या नांवाची संपूर्ण मुक्त आज्ञावली तयार करण्याचा संकल्प जाहीर केला, १९८५ सालीं त्यासाठीं एक प्रतिष्ठान स्थापिलें, आणि १९८९ सालीं एक विलक्षण परवाना लिहून काढला. सामान्य परवाना ‘नक्कल करूं नका’ म्हणून बजावतो, हा परवाना ‘खुशाल नक्कल करा, बदल करा, मात्र बदललेली प्रत दुसऱ्यास द्याल, तर मूळ संहितेसह आणि याच अटींवर द्या’ असें सांगतो. स्वामित्वाच्या कायद्यानेंच स्वामित्वाचा दरवाजा उघडा ठेवण्याची ही युक्ति होय.

येथें एका गैरसमजाचा उलगडा करणें अवश्य आहे. इंग्रजींत जो शब्द ‘फुकट’ याला, तोच ‘स्वतंत्र’ यालाहि वापरतात, आणि त्यामुळें पुष्कळ घोटाळा झाला. मराठींत तशी अडचण नाहीं. मुक्त तें फुकट असेलच असें नाहीं, आणि फुकट तें मुक्त तर मुळींच नाहीं. फोनवर फुकट मिळणाऱ्या कित्येक आज्ञावली आंतून पूर्ण कुलुपबंद असतात; उलट मुक्तस्रोत आज्ञावलीच्या जोरावर रीतसर पैसे मिळविणारे व्यवसाय आहेत.

१९९१ च्या ऑगस्टमध्यें हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें एका नव्या संचालन-आज्ञावलीच्या गाभ्याची माहिती इतरांस कळविली व लोकांच्या सूचना मागविल्या. तोच गाभा लिनक्स या नांवानें प्रसिद्ध झाला. देशोदेशींच्या माणसांनीं त्यांत भर घातली. १९९८ सालीं कांहीं व्यवहारी मंडळींनीं ‘ओपन सोर्स’ हें नांव पुढें केलें. हा तिसरा पक्ष. स्वातंत्र्याचें तत्त्वज्ञान बाजूस ठेवूं. शंभर डोळ्यांखालून गेलेली आज्ञावली अधिक सुधारते, म्हणून ती उघडी ठेवणें धंद्यालाच हितावह आहे, असें या पक्षाचें म्हणणें. काळानें या म्हणण्याला बराच दुजोरा दिला. २००१ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या प्रमुखानें लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती; त्याच कंपनीनें २०१८ सालीं मुक्तस्रोत आज्ञावलीकारांचें मोठें आगर असलेली गिटहब ही कंपनी साडेसात अब्ज डॉलरांना विकत घेतली. आय.बी.एम.नें २०१९ सालीं लिनक्सवर उभारलेली रेड हॅट ही कंपनी सुमारें ३४ अब्ज डॉलरांना घेतली. जगांतील सर्वांत वेगवान् ५०० महासंगणकांच्या यादींतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आलें आहे. अँड्रॉइड फोनचा गाभाहि लिनक्सच; तेव्हां गोराईच्या लाँचेंतील बहुतेक उतारू नकळत लिनक्स खिशांत घेऊनच खाडी ओलांडतात.

हिंदुस्थानाला या प्रश्नाचा चटका फार पूर्वींच बसला होता. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानें परदेशी कंपन्यांस येथील भागभांडवलांतील आपला वांटा ४० टक्क्यांवर आणण्यास सांगण्यांत आलें. आय.बी.एम.ला तें मान्य झालें नाहीं, आणि १९७८ सालीं ती देशांतून निघून गेली. मागें राहिलेलीं यंत्रें कोणी सांभाळावयाचीं? १९७५ सालीं स्थापन झालेल्या सी.एम.सी. या सरकारी कंपनीनें तें काम पत्करलें, म्हणून गाडा थांबला नाहीं. हा प्रश्न यंत्रांचा होता. पण त्याचें मर्म आज्ञावलीलाहि लागू पडतें. बनविणारा निघून गेला, बुडाला, किंवा त्यानें किंमत एकाएकीं वाढविली, तर वापरणाऱ्यानें काय करावें? मूळ संहिता हातीं असेल तर दुसरा सुतार बोलावतां येतो. ती नसेल तर होडी सोडून द्यावी लागते, आणि कधीं कधीं तींतला मालहि.

तींतल्या मालाचें हें म्हणणें मराठी माणसाला अनुभवानें पटण्याजोगें आहे. समजा, खाडीकांठच्या एखाद्या शाळेनें पंचवीस वर्षांपूर्वीं आपली जुनी नोंदवही आणि हस्तलिखिताचे अंक संगणकावर उतरवून घेतले. त्या काळीं देवनागरीसाठीं निरनिराळे विक्रेते निरनिराळ्या सांकेतिक पद्धति वापरीत. एकाच्या फॉन्टमध्यें ज्या क्रमांकावर ‘क’, दुसऱ्याच्या फॉन्टमध्यें त्याच क्रमांकावर भलतेंच अक्षर. यंत्र बदललें, तो फॉन्ट मिळेनासा झाला, कीं पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक ढीग दिसूं लागतो. कागद कुजला नाहीं, वाळवी लागली नाहीं, तरी लिहिलेलें हरवलें! या दुखण्यावर उपाय झाला तो युनिकोड या सर्वांस खुल्या असलेल्या संकेतानें. त्याची पहिली आवृत्ति १९९१ सालची. युनिकोड ही आज्ञावली नव्हे, तें एक कोष्टक आहे. परंतु तें कोणा एका विक्रेत्याच्या तिजोरींत नसून जगापुढें मांडलेलें आहे, हें त्याचें बळ. मराठीला लागणारें ‘ॲ’ हें अक्षर त्यांत २००८ सालीं आलें. गोराईचा ‘दर्या’ निराळा आणि सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ निराळ्या. एका रकाराच्या वळणांत समुद्र व डोंगर यांचें अंतर आहे. हें अंतर दूरदेशींच्या कारखान्याला कसें उमजावें? जेथें संहिता उघडी आहे, तेथें मराठी जाणणारा कोणीहि मनुष्य ही चूक दाखवूं शकतो, दुरुस्त करून देऊं शकतो, आणि ती दुरुस्ती सर्वांच्या पदरांत पडते. रेड हॅटनें प्रसिद्ध केलेला लोहित, मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू, हे फॉन्ट अशा खुल्या परवान्याखालीं उपलब्ध आहेत. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस या आज्ञावलींचा व्यवहार मराठींतून होतो, तोहि ज्यांनीं आपला वेळ देऊन शब्दाला शब्द शोधला अशा लोकांमुळें.

मुंबईच्या उपनगरांत या विचाराचीं बीजें चांगलीं रुजलीं आहेत. पवईच्या आय.आय.टी.ंत फॉसी नांवाचा उपक्रम चालतो. अभियांत्रिकीच्या शिक्षणांतील महागड्या आज्ञावलींच्या जागीं सायलॅब, पायथन यांसारख्या मुक्त आज्ञावली विद्यार्थ्यांच्या हातीं द्याव्या, हा त्याचा उद्देश. त्याच संस्थेचे ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकावयास मिळतात. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें इतरांच्या साह्यानें २०१५ च्या सुमारास क्लिक्स हा शालेय उपक्रम सुरू केला. राजस्थान, तेलंगण, छत्तीसगड व मिझोराम येथील सरकारी शाळांपर्यंत तो मुक्त साधनांवरच गेला. व्यवसायाचें उदाहरण पाहावयाचें तर मुंबईंतच २००८ सालीं रुषभ मेहता यांनीं स्थापिलेल्या फ्रॅपे या कंपनीचें घ्यावें. कारखाना, दुकान, दवाखाना यांचा हिशेब, साठा आणि पगारपत्रक सांभाळणारी ई.आर.पी.नेक्स्ट ही तिची आज्ञावली मुक्त परवान्याखालीं आहे. कोणीहि ती उतरवून घ्यावी व आपल्या यंत्रावर चालवावी. मग कंपनीला मिळतें काय? ज्याला आपलें यंत्र सांभाळण्याची यातायात नको, त्याच्यासाठीं ती चालवून देण्याचे आणि अडलेंनडलें पाहण्याचे पैसे. म्हणजे विक्री मालाची नव्हे, सेवेची.

एवढ्यावरून मुक्तस्रोत म्हणजे सर्व सुखांचें आगर, असें मात्र समजूं नये. ‘सर्वांचें तें कोणाचेंच नाहीं’ ही अवस्था येथेंहि ओढवते. एप्रिल २०१४ मध्यें इंटरनेटवरील गुप्त व्यवहार राखणाऱ्या ओपन एस.एस.एल. या आज्ञावलींत भयंकर दोष आढळला. सारें जग जिच्यावर विसंबून होतें, तिची निगा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं माणसें तुटपुंज्या साधनांनिशीं राखीत होतीं, हें तेव्हां उघड झालें. मार्च २०२४ मधील प्रकार तर एखाद्या गुप्तहेरकथेंत शोभावा. एक्स.झेड. नांवाची लहानशी आज्ञावली एकच थकलेला मनुष्य सांभाळीत होता. एका अज्ञात इसमानें दोनअडीच वर्षें मदत करून त्याचा विश्वास संपादन केला आणि मग तींत एक चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर प्रवेश मिळण्यास अर्धा सेकंद उशीर होतो असें जाणवलें. त्यानें संहिता उघडून माग काढला आणि चोरदरवाजा सांपडला. या गोष्टीचे अर्थ दोन. घर उघडें होतें म्हणून चोर आंत शिरला, हा एक. घर उघडें होतें म्हणूनच शेजाऱ्याला तो दिसला, हा दुसरा. दोन्ही खरे आहेत. उघडेपणा हें संरक्षण तेव्हांच ठरतें, जेव्हां पाहणारे डोळे खरोखर पाहत असतात.

आतां धंद्याचें स्वरूपहि पालटलें आहे. आज्ञावली विकत घेऊन आपल्या यंत्रावर बसविण्याऐवजीं दूरच्या कोठारांतील यंत्रांवरून ती भाड्यानें वापरण्याची रीत पडली आहे. बलाढ्य कंपन्या इतरांनीं लिहिलेली मुक्त आज्ञावली आपल्या कोठारांत चालवितात व भाडें घेतात; मूळ लेखकाच्या हातीं फारसें येत नाहीं. म्हणून कांहीं लेखक-कंपन्यांनीं दार लोटून घेतलें. इलॅस्टिक कंपनीनें २०२१ सालीं आपला परवाना आंवळला. ॲमेझॉननें लगोलग जुन्या मुक्त प्रतीवरून निराळी आज्ञावली उभी केली. आणि २०२४ सालीं इलॅस्टिकनें पुन्हां एक मुक्त परवाना जोडून दिला. कृत्रिम बुद्धीच्या नव्या यंत्रणांत तर ‘मुक्त’ म्हणजे काय हेंच विवाद्य झालें. तेथें संहितेइतकेंच महत्त्व ज्या मजकुरावर यंत्र शिकलें त्याला आहे. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेनें ऑक्टोबर २०२४ मध्यें त्याची एक व्याख्या केली. तरीहि मतभेद मिटलेले नाहींत. अशा वेळीं नुसत्या पाटीवरील ‘मुक्त’ या शब्दाला न भुलतां परवान्याचा कागद वाचावा, हें उत्तम.

भारत सरकारनें २०१५ सालीं आपल्या कारभारांत मुक्तस्रोत आज्ञावलीस अग्रक्रम देण्याचें धोरण जाहीर केलें. केरळच्या सरकारी शाळांनीं त्याच्याहि आधीं तो मार्ग धरला. परंतु धोरण दिल्लींत ठरलें तरी निवड गल्लींत होते. ग्रंथालय, पतपेढी, मच्छीमारांची सहकारी संस्था किंवा शाळा यांच्या चालकांनीं कोणतीहि आज्ञावली घेण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. आमचा मजकूर इतर कोणत्याहि यंत्रावर उघडेल अशा रूपांत बाहेर काढतां येईल काय? हा विक्रेता उद्यां नाहींसा झाला तर दुसरा कोणी दुरुस्ती करूं शकेल काय? आणि ही दुरुस्ती करणारा जाणता मनुष्य आमच्या पंचक्रोशींत आहे काय?

पैकीं तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. पहिल्या दोहोंचें उत्तर परवान्यांत सांपडतें, तिसऱ्याचें सांपडत नाहीं. होडीचें पोट उघडें असून कांठावर सुतारच उरला नाहीं, तर ती होडी आणि पत्रा ठोकलेली होडी यांत फरक काय? मुलांना संगणक शिकविणें म्हणजे कोणतें बटण कोठें आहे एवढें सांगणें, अशी समजूत अद्यापि पुष्कळ ठिकाणीं आहे. ज्या मुलाला आज्ञावली नुसती वापरतां येते, तो गिऱ्हाईक झाला. ज्याला तिची संहिता वाचतां येते, तिच्यांतील एखादी चुकलेली ओळ बोटानें दाखवितां येते, तो सुतार झाला. मुक्तस्रोत संहिता हें या विद्येचें जगांतील सर्वांत मोठें ग्रंथालय असून त्याला वर्गणी नाहीं. दरवाजा उघडा आहे. आंत जाऊन वाचावयास बसणारीं मुलें तयार करणें हें काम मात्र कोणताहि परवाना करून देणार नाहीं. तें शाळांनींच करावयाचें आहे.